गोतावळ्यातला उंदीर

सिरोंचा हे गडचिरोली जिल्ह्याचे दक्षिण टोक. गावाच्या अंगाने प्राणहिता वाहते, थोडे पुढे गोदावरीला मिळते आणि पलीकडच्या काठापासून तेलंगण सुरू होते. भूवैज्ञानिकांना हा मुलूख ठाऊक आहे तो हाडांमुळे. तालुक्यातल्या वडधम इथे जीवाश्म उद्यान आहे. प्राणहितेकाठच्या कोटा गावाचे नाव इथल्या ज्युरासिक काळातल्या खडकांना मिळाले आहे. नदीच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या या थरात बारापासॉरस आणि कोटासॉरस हे महाकाय डायनोसॉर सापडले. माणसाच्या उंचीच्या मांड्यांची ही जनावरे साहजिकच साऱ्यांच्या नजरेत भरली.

पण त्याच थरात काही दात असे सापडले की ते पाहायला भिंग लागते. १९८१ साली पी. एम. दत्ता यांनी अशाच एका इवल्या दातावरून एका प्राण्याला नाव दिले, ‘कोटाथेरियम हाल्डेनी’. भारताला आपले घर मानणारे शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांची आठवण त्या नावात आहे. हा प्राणी सस्तनांच्या आद्य घराण्यातला. तो उंदरांचा थेट पूर्वज नव्हे. कुरतडणारे प्राणी पृथ्वीवर आले ते त्यानंतर कित्येक कोटी वर्षांनी. पण डायनोसॉरांच्या पायांखालून वाट काढणाऱ्या अशाच चिमुकल्या जीवांच्या घराण्यात पुढे उंदीर आला, हत्ती आला आणि माणूसही आला.

या घराण्याची खूण म्हणजे दूध. पिलू जन्मते ते अपुरे, आणि आईच्या अंगाशी राहूनच ते जगते. आई दूर गेली की त्याने ओरडायचे आणि ते ओरडले की आईने परत यायचे, ही व्यवस्था मेंदूच्या खोल, जुन्या भागांत बसलेली आहे. एस्टोनियात जन्मलेले अमेरिकी मेंदूशास्त्रज्ञ याक पँकसेप यांनी हयातभर हाच धागा धरला. शोध घेण्याची ओढ, राग, भीती, कामेच्छा, माया, ताटातुटीचे दुःख आणि खेळ या सात भावनांच्या वाटा सगळ्या सस्तनांच्या मेंदूत सारख्या आखलेल्या आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. ते त्यांनी पडताळून पाहिले ते मुख्यतः उंदरांवर.

उंदीर म्हटले की सिरोंच्याच्या माणसाच्या डोळ्यांपुढे दोन प्राणी येतात. पहिला कौलारू घराच्या आढ्यावरून रात्री धावणारा काळा उंदीर, चढण्यात पटाईत. तेलुगूत त्याला एलुका म्हणतात. दुसरी धानाच्या बांधीत बीळ करणारी छोटी घूस. ती लोंब्या तोडून बिळात साठवते आणि कापणीनंतर माणसे ती बिळे खणून धान परत मिळवतात. या प्रकरणाचा नायक तिसराच आहे. तो तपकिरी उंदीर, शास्त्रीय नावाने रॅटस नॉर्व्हेजिकस. नावात नॉर्वे असले तरी त्याचे मूळ उत्तर चीन आणि मंगोलियाकडचे. जहाजांतून तो जगभर गेला आणि भारतात प्रामुख्याने बंदरांच्या शहरांत वसला. प्रयोगशाळेतला पांढरा उंदीर आणि हौसेने पाळला जाणारा मोठा उंदीर हे दोघेही याच जातीचे.

तिघांचे स्वभाव सारखे नाहीत. छोटी घूस एकलकोंडी. एका बिळात सहसा एकच प्रौढ, फार तर आई आणि तिची पिले. दुसरी घूस आत आली की जिवावरचे भांडण. तपकिरी उंदराचे मात्र सगळे जगणे गोतावळ्यात. अमेरिकेत जॉन कॅलहून यांनी १९४७ मध्ये सुमारे पाव एकराच्या कुंपणात असे उंदीर मोकळे सोडले. अन्नपाणी मुबलक होते, तरी उंदरांची संख्या दीडशेच्या आसपास थांबली. तीही एका जमावात नव्हती. दहा-बारा जणांचे वेगवेगळे गट करून ते राहिले. प्रत्येक गटाची बिळे वेगळी आणि वाटाही वेगळ्या.

महाराष्ट्राच्या आठवणीत उंदराचा गोतावळा नाही, आहे तो त्याचा मृत्यू. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगश या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेगचा पहिला रुग्ण ओळखला. पुढच्या वर्षी १० मार्चला पुण्यात रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. ‘उंदीर पडला’ एवढे दोन शब्द ऐकले की लोक घराला कुलूप लावून रानात झोपड्या बांधून राहत. आजार उंदरावरच्या पिसवांमधून माणसात येतो हे पुढे सिद्ध झाले, आणि त्या आजाराने आधी मरत होता तो उंदीरच. तरी भीती मनात राहिली ती उंदराची. कायद्यानेही तीच भावना नोंदवली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे पाचवे परिशिष्ट ‘उपद्रवी’ प्राण्यांचे होते आणि त्यात कावळा, फळे खाणारी वटवाघळे आणि उंदीर होते. २०२२ च्या दुरुस्तीत ते परिशिष्ट गेले.

उंदीर पाळण्याची हौस वाढली ती इंग्लंडात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लंडनमध्ये जॅक ब्लॅक नावाचा उंदीर पकडणारा होता. पकडलेल्या हजारोंत एखादा पांढरा किंवा ठिपकेवाला निघाला की तो मारायचा नाही, वेगळा ठेवायचा. त्याची वीण वाढवायची आणि विकायची. १९०१ साली एल्सबरीच्या प्रदर्शनात मेरी डग्लस या बाईंनी आपला उंदीर मांडला, तेव्हापासून या छंदाला रीतसर रूप आले. १९०६ मध्ये फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत पांढऱ्या उंदरांची प्रमाणित वीण सुरू झाली. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटात पक्ष्यांच्या पिंजऱ्यांशेजारी पांढरे उंदीर मिळतात, पण त्यांत बहुतेक छोटे घरउंदीर असतात. मराठीत दोघांनाही उंदीरच म्हणत असल्याने घेणाऱ्याचा गोंधळ होतो. फरक महत्त्वाचा आहे. छोट्या जातीचे वयात आलेले नर एकत्र ठेवले की रक्त निघेपर्यंत भांडतात. मोठ्या जातीचे नर एका पिंजऱ्यात वर्षानुवर्षे सुखाने राहतात.

असा चार-पाच उंदरांचा पिंजरा थोडा वेळ निरखून पाहावा. दिवसा ते एकमेकांच्या अंगावर ढीग करून झोपतात. कोणाचे डोके कोणाच्या पोटाखाली, कोणाची शेपटी कोणाच्या मानेवर. थंडीत ढीग घट्ट होतो, उन्हाळ्यात सैल पडतो. आतला बाहेर येतो, बाहेरचा आत शिरतो, आणि ऊब सगळ्यांना वाटून मिळते. जाग आली की एक जण दुसऱ्याची मान आणि पाठ दातांनी विंचरतो. कधी हे प्रेमाने चालते, कधी जरा दांडगाईने. दांडगाई करणारा बहुधा वरच्या पायरीचा असतो आणि खाली पडून निमूट विंचरून घेणारा खालच्या पायरीचा.

पायऱ्या ठरतात त्या खेळातून. पिले जन्मतात गुलाबी, केसाविना, डोळे मिटलेली. साधारण चौदा दिवसांनी डोळे उघडतात, तीन आठवड्यांत दूध सुटते, आणि मग सुरू होते कुस्ती. महिना-सव्वा महिन्याच्या वयात ती ऐन भरात असते. या कुस्तीचा एक ठरलेला नियम आहे. खऱ्या भांडणात उंदीर चावा घेतो तो पाठीला आणि कुल्ल्याला. खेळात त्याला गाठायची असते समोरच्याची मान, आणि तिथे तो चावत नाही, नुसते नाक घासतो. ज्याच्या मानेवर हल्ला होतो तो गर्रकन उताणा पडून मान वाचवतो, आणि दुसऱ्या क्षणी वरचा खाली, खालचा वर. कॅनडातल्या लेथब्रिज विद्यापीठात सर्जियो आणि व्हिव्हियन पेलिस यांनी या कुस्तीचा अनेक वर्षे अभ्यास केला. लहानपणी खेळायला न मिळालेले उंदीर मोठेपणी इतरांशी नीट वागू शकत नाहीत. समोरचा धमकावतो आहे की खेळायला बोलावतो आहे हे त्यांना उमजत नाही, आणि साध्या भेटीचे भांडण होते.

हे सगळे चालते तेव्हा पिंजरा माणसाला शांत वाटतो. आपला कान २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो, उंदरांचे पुष्कळसे बोलणे त्याच्या वर चालते. वटवाघळांचे आवाज टिपणारे यंत्र पिंजऱ्याजवळ धरले तर ते ऐकू येते. भय आणि हाल असतील तर २२ किलोहर्ट्झच्या आसपास लांबट हाक. आनंद आणि खेळ असेल तर ५० किलोहर्ट्झच्या आसपास तुटक चिवचिव. पँकसेप यांनी १९९७ च्या सुमारास ओहायोतल्या आपल्या प्रयोगशाळेत उंदरांच्या मानेला आणि पोटाला बोटांनी गुदगुल्या केल्या, तेव्हा हीच चिवचिव भरभरून आली. उंदीर हाताच्या मागे धावू लागले. ज्याने गुदगुल्या केल्या त्याच हाताकडे ते पुन्हा पुन्हा येत. पँकसेप यांनी या आवाजाला सरळ ‘हसणे’ म्हटले. पुष्कळ जणांना तो शब्द रुचला नाही, पण २०१६ मध्ये बर्लिनच्या हुंबोल्ट विद्यापीठात शिम्पेई इशियामा आणि मिखाएल ब्रेख्त यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. उंदराला उंच, उघड्या चौथऱ्यावर ठेवून त्याच गुदगुल्या केल्या तर हे हसणे मावळते. जीव घाबरा असताना हसू येत नाही, हे त्यालाही लागू आहे. पुढे २०१९ मध्ये ब्रेख्त यांच्याच गटाने उंदरांना लपाछपी शिकवली. बक्षीस खाऊचे नव्हते. सापडल्यावर गुदगुल्या आणि दंगा, एवढेच. शोधायची पाळी असली की उंदीर बोलत, लपायची पाळी आली की गप्प बसत.

दुसऱ्याच्या सुखात सहभागी होणारा प्राणी दुसऱ्याच्या दुःखात काय करतो? शिकागो विद्यापीठात इन्बाल बेन-अमी बार्टल, जाँ देसेती आणि पेगी मेसन यांनी हेच पाहिले आणि २०११ च्या डिसेंबरात निष्कर्ष प्रसिद्ध केले. दोन उंदीर दोन आठवडे एकत्र ठेवले. मग एकाला अरुंद पारदर्शक नळीत कोंडले. तिचे दार फक्त बाहेरून उघडणारे. मोकळ्या उंदराला कुणी काही शिकवले नव्हते. तो नळीभोवती घिरट्या घालत राहिला, कुरतडत राहिला, आणि काही दिवसांत दार कसे ढकलायचे हे त्याचे त्यालाच कळले. तीसपैकी तेवीस उंदरांनी हे जमवले. त्यांत सहा माद्या होत्या, सहाच्या सहा जणींनी दार उघडले. नळी रिकामी असली किंवा आत खेळण्यातला उंदीर असला, तर कुणी फारसे लक्ष देत नसे. शेवटी शेजारी चॉकलेटची दुसरी नळी ठेवली. उंदरांनी दोन्ही नळ्या उघडल्या आणि पाच तुकड्यांतले सरासरी दीड तुकडे सुटलेल्या सोबत्यासाठी उरले.

यावर वादही झाला. उंदराला सोबत्याची सुटका हवी नसते, त्याला सोबत हवी असते, असे काही शास्त्रज्ञांनी म्हटले. जपानमध्ये नोबुया सातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रयोग बदलून पाहिला. एका उंदराला पाण्यात ठेवले, दुसऱ्याला कोरड्यात, मधे दार. कोरड्यातल्या उंदराने दार उघडून भिजलेल्याला आत घेतले, आणि जो स्वतः आधी भिजला होता तो हे लवकर शिकला. मूळचा हेतू दया असो की सोबतीची ओढ, सोबत्याच्या हालाने मोकळा उंदीर अस्वस्थ होतो एवढे निश्चित. त्याला भीती शमवणारे औषध दिले तर तो दारही उघडत नाही, हे बार्टल यांनीच पुढे दाखवले.

या मायेला मर्यादा आहे, आणि ती मर्यादा माणसाच्या ओळखीची वाटावी अशी आहे. २०१४ च्या प्रयोगात पांढऱ्या उंदरांनी अनोळखी पांढऱ्या उंदराला सोडवले, पण काळ्या डोक्याच्या अनोळखी उंदराला नाही. मग काही पांढऱ्यांना दोन आठवडे एका काळ्या डोक्याच्या सोबत्याबरोबर ठेवले. त्यानंतर ते त्या रंगाच्या परक्यांनाही सोडवू लागले. सगळ्यांत बोलका निष्कर्ष पुढचा. जन्मापासून दुसऱ्या रंगाच्या आईजवळ आणि भावंडांत वाढलेल्या उंदराने दुसऱ्या रंगाच्या परक्याला सोडवले. स्वतःच्या रंगाच्या परक्याला मात्र नळीतच राहू दिले. त्याने स्वतःच्या रंगाचा दुसरा उंदीर कधी पाहिलाच नव्हता. आपले कोण हे त्याला शिकवले ते सहवासाने.

गडचिरोलीच्या वाचकाला हे नवे वाटू नये. याच जिल्ह्यातल्या हेमलकशाला १९७३ मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. शिकार करून परतणाऱ्या माडिया माणसांजवळ मेलेली माकडीण आणि तिला बिलगलेले जिवंत पिलू डॉ. प्रकाश आमटे यांनी पाहिले, तांदूळ देऊन ते पिलू मागून घेतले, आणि तिथून प्राण्यांचे अनाथालय उभे राहिले. त्यातल्या बिबट्यावर विलास मनोहर यांनी ‘नेगल’ हे पुस्तक लिहिले. निरनिराळ्या जातींची अनाथ पिले तिथे माणसांच्या आणि एकमेकांच्या सहवासात वाढली. बिबट्याच्या बाबतीत ही गोष्ट मराठी माणसाने मनापासून मानली. उंदराच्या बाबतीत ती मानायला आता पुरेसा पुरावा आहे.

गोतावळा उंदराला ऊब देतो, सोबत देतो आणि शिकवणही. तपकिरी उंदीर नवे अन्न सहसा लगेच खात नाही. त्याला ओकारी काढता येत नाही. विष पोटात गेले की गेले. म्हणून तो परतलेल्या सोबत्याचे तोंड हुंगतो. त्याच्या श्वासाला ज्या अन्नाचा वास येतो ते सुरक्षित, असे धरून मग ते खातो. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात बेनेट गेलेफ यांनी हे अनेक प्रयोगांनी दाखवले. सिरोंच्याच्या आढ्यावरचा काळा उंदीरही मागे नाही. इस्रायलमधल्या पाइनच्या बनांत याच जातीचे उंदीर पाइनची बोंडे खालून चक्राकार सोलून बिया खातात. ही युक्ती उपजत नाही. सोलणाऱ्या आईजवळ वाढलेल्या पिलांनाच ती येते, हे रान आयस्नर आणि योसेफ टेर्केल यांनी दाखवून दिले.

आईच्या जिभेचा परिणाम तर जन्मभर टिकतो. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात मायकेल मीनी यांच्या गटाला १९९७ मध्ये दिसले, की पहिल्या आठवड्यात ज्या पिलांना आई भरपूर चाटते ती मोठेपणी ताण सहज झेलतात. ज्यांना कमी चाटले जाते ती बुजरी होतात. पिले अदलाबदल करून दुसऱ्या आईखाली ठेवली, तेव्हा स्वभाव वाढवणाऱ्या आईवर गेला, जन्मदात्रीवर नाही.

आणि एकटेपणा? अमेरिकेत मार्को व्हेनिरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये व्यसन लावलेल्या उंदरांपुढे दोन कळी ठेवल्या. एक दाबली की अमली पदार्थ, दुसरी दाबली की दार उघडून दुसऱ्या उंदराची भेट. उंदरांनी जवळजवळ प्रत्येक वेळी भेट निवडली.

पाळणाऱ्याने या सगळ्यातून काय घ्यावे हे त्यामुळे स्पष्ट आहे. मोठ्या जातीचा उंदीर एकटा ठेवू नये. माणूस कितीही लाड करो, तो रात्रभर ढिगात झोपायला येत नाही आणि किलबिल ऐकू शकत नाही. स्वित्झर्लंडच्या प्राणीसंरक्षण नियमांत अशा सामाजिक प्राण्यांना सोबत देणे बंधनकारक आहे. आपल्याकडे तसा नियम नसला तरी दोन सख्खे भाऊ किंवा दोन सख्ख्या बहिणी आणणे अवघड नाही. नर-मादी एकत्र आणू नयेत. मादी जेमतेम तीन आठवड्यांत विते आणि एका वेतात आठ-दहा पिले सहज होतात. मोठ्या उंदरांत नवा सोबती आणायचा असेल तर काही दिवस पिंजरे शेजारी ठेवावेत, मग कुणाचाच हक्क नसलेल्या जागी दोघांना सोडावे. थोडी कुस्ती होईल, ती होऊ द्यावी. केस फुलवून, अंग आडवे करून कुणी सरकू लागला तर मात्र लगेच वेगळे करावे. डोळ्यांभोवती किंवा नाकाशी तांबूस डाग दिसले तर ते बहुधा रक्त नसते. ताण किंवा आजार असताना डोळ्यामागच्या ग्रंथीतून झिरपणारा तो लाल द्रव असतो. अशा वेळी पशुवैद्याला दाखवावे. दात हलके करकरवत डोळे लुकलुकवणारा उंदीर बहुतेक वेळा निवांत असतो.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकाने आणखी एक ध्यानात ठेवावे. उंदराला आपल्यासारखा घाम येत नाही. अंगातली बरीच उष्णता तो उघड्या शेपटीतून बाहेर टाकतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा पत्र्याखालच्या खोलीत ठेवलेला पिंजरा काही तासांत जीव घेऊ शकतो. घरातला किंवा बांधीतला रानटी उंदीर तर पाळण्यासाठी पकडूच नये. त्याच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो, आणि बंद पिंजऱ्यात त्याचेही हाल होतात.

पाळलेला उंदीर जगतो दोन-तीन वर्षे. मुलाचा हट्ट म्हणून एकच उंदीर घरी आणला असेल, तर या आठवड्यात त्याला त्याच्या जातीचा, त्याच्याच लिंगाचा एक सोबती आणून द्यावा.